सरपंचपद आणि माहेरचे कागद : माझा अनुभव

राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या सुनेला मते सासरच्या गावात मिळतात, परंतु तिचे पद टिकते ते माहेरच्या कागदांवर, आणि ही गोष्ट उमेदवारी ठरवणाऱ्या बैठकीत सहसा कोणी काढत नाही. मराठवाड्यात तर हे कागद निजामाच्या राजवटीतले, उर्दूत लिहिलेले आणि पुष्कळदा आडनाव नसलेले असतात. मी २०२१ मध्ये ग्रामपंचायत सदस्य आणि लगेच सरपंच झाले, आणि त्यानंतरचे जवळजवळ सगळे वर्ष जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जात प्रमाणपत्र पडताळणी समितीने तपासून खरे ठरवल्याचा दाखला, मिळवण्यात गेले. ज्या महिलांना पुढे हे करावे लागणार आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून तो सगळा प्रवास येथे लिहीत आहे.

आमचे गाव मांजरा नदीच्या काठचे, नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीचे. राज्यातील १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा आमच्या प्रभागातील एक जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग (महिला) यासाठी राखीव होती. आम्ही माळी समाजाचे, त्यामुळे पॅनलचे लोक घरी आले ते थेट मामंजींकडेच. मामंजींनी मात्र त्यांना ओसरीवर बसवून मला बाहेर बोलावले आणि सर्वांसमक्ष विचारले, "सूनबाई, उभं तुला राहायचंय, तर हो की नाही ते तूच सांग." मी हो म्हणाले. डी.एड. होऊनही नोकरी लागली नव्हती, आणि गावातील शाळा, अंगणवाडी व पाणीपुरवठा या तीन विषयांत काही करावे अशी माझी मनापासून इच्छा होती.

अर्ज भरण्याची मुदत २३ ते ३० डिसेंबर २०२० अशी होती आणि त्यात नाताळला जोडून सुट्या आल्या होत्या. ऑनलाइन अर्ज भरताना राज्यभर अडचणी आल्यामुळे राज्य निवडणूक आयोगाने शेवटच्या दिवशी कागदी अर्जही घेण्यास परवानगी दिली आणि वेळ सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवली. अनामत राखीव जागेसाठी १०० रुपये होती. ग्रामपंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण अपत्यांची संख्या दोनहून अधिक होत नसल्याचे घोषणापत्र, खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते, हे सगळे गावात आणि तालुक्याला मिळण्यासारखे होते. खरी अडचण जातीच्या कागदाची होती. माझ्याकडे शिकत असताना काढलेले, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचे जात प्रमाणपत्र होते, परंतु वैधता प्रमाणपत्र नव्हते. त्या वेळी अशा उमेदवाराला पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निवडून आल्यापासून बारा महिन्यांच्या आत वैधता प्रमाणपत्र सादर करीन असे हमीपत्र देऊन अर्ज भरता येत होता. हाताशी असलेले कागद जोडून समितीकडे अर्ज केला, त्याची पोच उमेदवारी अर्जाला लावली आणि हमीपत्रावर सही केली. त्या गर्दीत अनेकांनी त्या हमीपत्रावर न वाचताच सह्या केल्या, आणि पुढे त्याच कागदाने त्यांची झोप उडवली, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रचाराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कपबशी हे चिन्ह मिळाले, घरोघरी फिरले, १५ जानेवारीला मतदान झाले आणि १८ जानेवारीला मी निवडून आले. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीसाठी खर्चाची मर्यादा २५,००० रुपये होती. हिशेब निकालापासून ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो आणि न दिल्यास पाच वर्षांसाठी अपात्रता येऊ शकते, म्हणून पावत्यांसह तो मी पहिल्याच आठवड्यात तहसीलला देऊन टाकला.

त्या वेळी सरपंच थेट जनतेतून नव्हे, तर सदस्यांतून निवडला जात होता, आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत शासनाने मतदानानंतर ठेवली होती. आमच्या गावाची चिठ्ठी निघाली ती नागरिकांचा मागास प्रवर्ग (महिला) अशी. आमच्या पॅनलमध्ये त्या प्रवर्गातील मी एकटीच होते, म्हणून फेब्रुवारीत मी सरपंच झाले. पण त्यामुळे माझ्या हमीपत्राचे वजन एकदम वाढले. ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १०-१अ प्रमाणे मुदतीत वैधता सादर झाली नाही तर निवड भूतलक्षी प्रभावाने, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच, रद्द झाली असे मानले जाते, म्हणजे सदस्यत्व आणि त्याबरोबर सरपंचपदही जाते. गावात दोन्ही बाजूंचे लोक माझ्या कामापेक्षा माझ्या कागदांची चौकशी जास्त करू लागले.

मार्चमध्ये समितीचे त्रुटीपत्र, म्हणजे अर्जात काय कमी आहे ते कळवणारे पत्र, आले. आमचा माळी समाज ज्यात येतो त्या इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जातीची स्पष्ट नोंद असलेला पुरावा हवा होता. विवाहाने स्त्रीची जात बदलत नाही, म्हणून हा पुरावा वडिलांच्या बाजूचाच लागतो. सासरचे कितीही कागद असले तरी ते येथे निरुपयोगी ठरतात. शिवाय जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे आणि उमेदवारी सासरच्या नावाची, तेव्हा दोन्ही नावांची व्यक्ती एकच हे दाखवण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि शपथपत्र द्यावे लागले. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाकडे आधीची वैधता असती तर मार्ग पुष्कळ सोपा झाला असता, परंतु आमच्या कुळात तोपर्यंत कोणीच ती काढलेली नव्हती. आणि कायदा असा की जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. २००० च्या जात पडताळणी अधिनियमाचे कलम ८ ते स्पष्टपणे सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, चौथीपर्यंत शिकले होते. त्यांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा १९६७ पूर्वीचाच होता, पण जातीच्या रकान्यात नुसते "हिंदू" लिहिलेले. आजोबा शाळेतच गेले नव्हते. त्यातच एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली, टाळेबंदी लागली, शाळा आणि कार्यालये बंद झाली, आणि मुदतीतले महिने मात्र सरत राहिले. सरपंच म्हणून त्या दिवसांत विलगीकरण कक्ष, औषधे आणि पुढे लसीकरण यांतच माझा सगळा वेळ जात असे. रात्री घरी आल्यावर मी माहेरी फोन करून आप्पांना एकच विचारायची, "आपल्यातलं आणखी कोण शाळेत गेलं होतं?" एके दिवशी त्यांना आठवले की त्यांचे धाकटे काका लहानपणी शेजारच्या बाजारगावी मावशीकडे राहून थोडे दिवस शाळेत गेले होते.

ती शाळा निजामाच्या काळापासूनची आहे. जुलैमध्ये मी आणि भाऊ तेथे गेलो. मुख्याध्यापक सरांनी कपाटाच्या तळातून कापडात गुंडाळलेले जुने दाखल-खारीज (प्रवेश-निर्गम) रजिस्टर काढले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, यातलं मला एक अक्षर वाचता येत नाही, पण पानं सावकाश उलटा, कडा सुटल्यात." सगळी पाने उर्दूत होती. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना आम्ही विनंती केली. वय झालेले असूनही ते भावाच्या गाडीवर बसून आले आणि जाड भिंग घेऊन ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. दुपारनंतर त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. मुलाचे नाव, त्यापुढे "वल्द" (म्हणजे अमक्याचा मुलगा), मग बापाचे नाव. आडनावाचा रकानाच नाही. "कौम", म्हणजे जातीच्या, रकान्यात माळी. दाखल झाल्याची तारीख अमरदाद महिन्यातली, १३५२ फसली. सरांनी विचारले, हे साल कोणते? उर्दूच्या गुरुजींनी सांगितले की हैदराबाद संस्थानात फसली सन चालत असे, ते ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या तारखांना त्यात ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवले की इसवी सन येते. अमरदाद म्हणजे जून, तेव्हा ही नोंद १९४३ ची. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले, त्याच्याही पाच वर्षे आधीची. सरांनी त्या पानाची साक्षांकित प्रत दिली, आणि उर्दूच्या गुरुजींनी मराठी भाषांतर करून त्यावर शपथपत्र केले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "बेटा, ही रजिस्टरं वाचणारे आता किती उरलेत? कोणाच्या कामी आलं, झालं."

पण नुसत्या नोंदीने भागत नाही. आडनाव नसलेला तो मुलगा माझ्या आजोबांचा सख्खा भाऊ आहे हे सिद्ध करायचे होते. येथे खासरा पत्रक कामाला आले. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक हा जमिनीचा फार मोलाचा जुना अभिलेख आहे, आणि माहेरच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केल्यावर आमच्या मळ्याचे पान मिळाले. त्यात आजोबा आणि त्यांचे भाऊ यांची नावे एकाखाली एक होती, दोघांपुढे तेच "वल्द" आणि तेच बापाचे नाव. त्यापुढचे फेरफार जोडत जोडत आप्पांच्या सातबाऱ्यापर्यंत साखळी आली. त्यानुसार वंशावळ तयार केली आणि शपथपत्रासह त्रुटीपूर्तता केली. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: जातीची नोंद एका कागदावर असते, नाते दुसऱ्या कागदावर असते, आणि दोन्ही एकमेकांना नेमके जुळले तरच पुरावा होतो.

पावसाळा संपता संपता विरोधी पॅनलमधून समितीकडे हरकतीचा अर्ज गेला. तो त्यांचा हक्क होता, आणि त्यामुळे प्रकरण समितीच्या दक्षता पथकाकडे, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन चौकशी करणाऱ्या पथकाकडे, गेले हेही योग्यच झाले, कारण १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची जी पद्धत घालून दिली तिच्यात अशी चौकशी अपेक्षितच आहे. पथकाचे अधिकारी शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहून आले आणि मग माहेरच्या घरी आले. त्यांनी आप्पांचा जबाब घेतला, आणि त्या धाकट्या आजोबांच्या पत्नीचा, म्हणजे माझ्या चुलत आजीचाही. तिला ऐकू कमी येते. तिने सोयरीक कोणत्या गावांशी आहे, कुलदैवत कोणते, मळ्यात काय पिकत होते, हे सगळे ठामपणे सांगितले, आणि अधिकाऱ्यांनी तुमचे मालक किती शिकले होते असे विचारल्यावर म्हणाली, "दोन बुकं. उर्दूत सही करायचे, मराठीत न्हाई." तो जबाब पथकाने जसाच्या तसा लिहून घेतला.

नोव्हेंबरमध्ये समितीपुढे सुनावणी झाली. कोणा वकिलाला बरोबर न घेता मी स्वतः गेले. मूळ कागद तारखेच्या क्रमाने लावले होते, आणि प्रत्येक कागद कोणते नाते दाखवतो याची एक पानाची टीप वर ठेवली होती. सदस्यांनी फसली सनाबद्दल आणि "वल्द"बद्दल विचारले, त्याची उत्तरे मला देता आली. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवते. सुरुवातीला घरातील आणि पॅनलमधील सर्वांचे म्हणणे होते की धावपळ पुरुषांनी करावी आणि मी फक्त सह्या कराव्यात. यांनी, म्हणजे माझ्या पतींनी, माझी बाजू घेतली आणि कागदांची पिशवी माझ्याच हाती राहिली. जी महिला आपल्या पदाचा कागद स्वतः मिळवते तिला ग्रामसभेत ठरावाचा कागद वाचताना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. मला त्यानंतर कधी पाहावे लागले नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये वैधता प्रमाणपत्र मिळाले. त्याच दिवशी साक्षांकित प्रत तहसील कार्यालयात देऊन तारखेच्या शिक्क्यासह पोच घेतली, आणि त्या पोचेची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावली. पुढे भावाच्या मुलीने नर्सिंगच्या प्रवेशासाठी अर्ज केला तेव्हा माझी वैधता जोडल्यामुळे तिला हे सगळे पुन्हा करावे लागले नाही.

आता ज्यांच्या गावात निवडणूक येईल त्या बायका मला फोन करतात. आरक्षण निघण्याची वाट पाहू नका, एवढेच मी त्यांना सांगते: आधी माहेरी जाऊन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शाळेत कोण गेले होते ते विचारा, त्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टर पाहा, उर्दू वाचणारे माणूस आजच शोधून ठेवा, आणि खासरा पत्रकाच्या नकलेसाठी अर्ज करून त्याची पोच जपून ठेवा.