शॉनब्रुनची काळी खोली

प्राग आणि बुडापेस्टचे पाच दिवस छान गेले, त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. मला लिहायचंय ते व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यातल्या एका खोलीबद्दल. ती आमची हुकणारच होती. टूरवाल्यांनी लहान तिकीट काढलेलं, त्यात ती येतच नाही! दारात हे कळल्यावर मला मनापासून संताप आला. इतक्या लांब माणूस आयुष्यात एकदा येतो. ग्रुप सोडला आणि पदरचे युरो घालून आईची नि माझी मोठी तिकिटं काढली.

सम्राट फ्रान्झ श्टेफान 1765 साली अचानक गेला. त्याची बायको, ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसाने पुढची पंधरा वर्षं, मरेपर्यंत, काळेच कपडे घातले. नवऱ्याच्या आठवणीसाठी तिने ही खोली सजवून घेतली. अक्रोडाच्या लाकडात बीजिंगहून आलेल्या लॅकरच्या, म्हणजे चकचकीत रोगणाच्या, काळ्याभोर फळ्या, भोवती सोनेरी चौकटी, मध्ये त्याचं चित्र.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालंय. आई एका फळीपुढे उभी राहिली ती हलेचना. काळ्यावर सोनेरी रेघांचे डोंगर, पाणी, झाडं. जरा बाजूला सरकलं की रेघा विझतात, परत आलं की उजळतात. "काळं असून उजेड आहे गं यात," ती म्हणाली. मग हळूच, "आपल्या सावंतवाडीच्या पेटीसारखं."

आईचं माहेर सावंतवाडी, लाखकामाची ती पेटी अजून तिच्या कपाटात आहे. पण आपली लाख किड्यांपासून मिळते आणि हे लॅकर म्हणजे झाडाचा चीक. दमट हवेतच तो घट्ट होतो, एकेक पातळ थर वाळवून घासायचा, मग पुढचा. युरोपात ते झाड नव्हतं, पण हौस अफाट. तिथल्या कारागिरांनी नकलेसाठी जी वार्निशं केली, त्यांत हिंदुस्थानातून गेलेली लाखही होती. हे सांगितल्यावर आईचा चेहरा खुलला.

मारिया थेरेसाकडे जपानी लॅकरच्या पेट्याही होत्या, सोन्याची भुकटी शिंपडून नक्षी काढलेल्या, हातात मावतील एवढ्या. 1780 मध्ये ती गेली तेव्हा त्यांतल्या सुमारे 50 लेकीला मिळाल्या. लेक म्हणजे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. ऑक्टोबर 1789 मध्ये, फ्रेंच क्रांतीत, व्हर्सायचा राजवाडा सोडावा लागला, तेव्हा तिने त्या पॅरिसच्या एका व्यापाऱ्याकडे सांभाळायला दिल्या. म्हणून वाचल्या.

"आता कुठे आहेत?" आईने बसमध्ये विचारलं.

"बऱ्याचशा पॅरिसला, लूव्र आणि गिमे संग्रहालयात."

"इथून किती लांब?"

आमच्या आठ दिवसांत पॅरिस नव्हतं.