मोदकपात्रातली लोकर

पुण्यात लोकरीचं विणत बसणं हा तसा हौसेचाच मामला. इथली थंडी दिवाळीनंतर कधीतरी येते, तळजाईच्या टेकडीवर पहाटे फिरणाऱ्यांच्या डोक्यावर माकडटोप्या चढवते, अकराच्या उन्हात तेच स्वेटर कमरेला बांधायला लावते आणि महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. १९३५च्या जानेवारीत इथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. तशी थंडी पुन्हा पडलीच, तर आमच्या घरातून अख्ख्या मजल्याला पुरतील एवढे स्वेटर निघतील. बाह्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात.

बाह्या का राहिल्या, याचं उत्तर सुयांत नाही, पातेल्यात आहे. तयार रंगाची लोकर आणून विणणारी माणसं एक काम संपवून दुसरं घेतात. लोकर घरी रंगवायला लागलं की हा क्रम राहत नाही.

बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. तुळशीबागेच्या आसपास एखाद्या दुकानात भिंतभर रचलेले गुंडे बघताना हे लक्षात येत नाही. धाग्याचं टोक जाळून बघावं. मेंढीची लोकर केस जळल्यासारखा वास सोडते आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. ॲक्रिलिकला मी नावं ठेवत नाही. लहान बाळाचं टोपडं दिवसातून दोनदा धुवावं लागतं, तिथे तेच बरं. पण घरच्या पातेल्यात त्याला रंग चढत नाही. लोकर हे मुळात प्रथिन आहे. आंबट पाण्यात गरम केली की तिच्यातली अमिनो टोकं रंगाचे रेणू धरून ठेवतात. ॲक्रिलिकला तशी धरायला जागाच नाही.

आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर धनगरांच्या घोंगड्यांत शोभते. ती राठ असते. गळ्याशी घेतली की टोचते आणि मुळातच काळी-करडी असल्यामुळे रंगाला फारशी विचारत नाही. मऊ हवी असेल तर मरिनो आणावी लागते. तिच्या धाग्यातला एकेक तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या आतच, म्हणजे आपल्या केसापेक्षा बराच बारीक. पांढऱ्या लडीच्या लडी घरी येतात आणि तिथून पुढे स्वयंपाकघराचे हाल सुरू होतात.

कृती सांगायला सोपी आहे. लडी कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवायची, म्हणजे रंग सगळीकडे सारखा शिरतो. पातेल्यात पाणी, रंग आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व. लडी हलकेच सोडायची आणि उकळी फुटू न देता मंद आचेवर ठेवायची. चमच्याने घोटायचं नाही. लोकरीच्या तंतूला खवले असतात. गरम पाण्यात ती घुसळली की खवले एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा होतो. अर्ध्या तासाने झाकण काढून बघायचं. मघाशी गडद असलेलं पाणी नितळ झालेलं असतं, सगळा रंग लोकरीने उचललेला असतो. हे मी कितीदा पाहिलंय, तरी झाकण काढताना घरात जो असेल त्याला हाक मारते. आता कोणी येत नाही.

जिलेबीत घालायचा खाण्याचा रंगही लोकरीवर मस्त चढतो, कारण तोही असाच आंबट पाण्यात लोकरीला धरणारा असतो. मुलीला शिकवायचं असेल तर त्यानेच सुरुवात करावी. रंगाची खास पूड वापरायची असेल तर भांडी मात्र वेगळी हवीत आणि ती पुन्हा जेवणाच्या भांड्यांत मिसळायची नाहीत. एका लडीवर ब्रशने चार-पाच रंग लावायचे असतील तर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून वाफवावी लागते. वाफवायला मोदकपात्राइतकं सोयीचं काही नाही. त्यासाठी मी रविवार पेठेतून दुसरं मोदकपात्र आणलं आणि त्यावर रंगाने मोठी फुली मारली. तरीही गणपतीच्या आदल्या दिवशी सासूबाई दोन्ही पात्रं समोर ठेवून माझ्याकडून खात्री करून घेतात.

‘केमिकल कशाला, नैसर्गिक रंग वापर ना’ असं सांगणारं कोणीतरी भेटतंच. वापरते की. कांद्याच्या टरफलांचा सोनेरी-तपकिरी रंग मला सगळ्यात आवडतो. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर ठेवून घेतली तर तो पक्का बसतो. मंडईतून डाळिंबं आणली की साली वाळवायच्या, त्यांचा पिवळा निघतो. त्यातच चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार टाकला की हिरवट राखाडी. तांबट आळीतलं बिनकल्हईचं पातेलं असेल तर तेही आपल्या परीने छटा बदलतं. पण नैसर्गिक म्हणजे टिकाऊ, हे खरं नाही. हळद बघा. तुरटी नको, काही नको, लोकर पिवळीधमक होते. खिडकीशी ठेवली की उन्हाने विटते. साबण लागला की लाल डाग पडतात, कारण हळद क्षारात लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते याच गुणावर. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. गंमत म्हणून छान आहे, पण अशी शाल कोणाला भेट द्यायची असेल तर सोबत रिठेही द्यावे लागतील.

विल्यम पर्किन या रसायनशास्त्राच्या इंग्रज विद्यार्थ्याने १८५६ साली कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि करत होता क्विनाइन. हिवतापाचं औषध हाती लागलं नाही, पण भांड्यातला काळपट गाळ त्याने फेकून दिला नाही. रंगवणाऱ्या माणसाला हा स्वभाव लागतोच. ठरवलेली छटा येत नाही, आलेली आवडते.

आणि आवडलेली ती पुन्हा येत नाही. पाण्यात फरक असतो. नळाचं पाणी वेगळं, बोअरचं जड पाणी वेगळं. आच, लडीची घडी, त्या दिवशीचा हात, सगळंच वेगळं. शंभर ग्रॅमच्या बारीक धाग्याच्या लडीत साधारण चारशे मीटर धागा असतो; त्यात जे होईल ते होईल. मग हिरव्यात उतरत गेलेला एखादा जांभळा हातात आला की तो कपाटात ठेवून ‘आधी बाह्या’ म्हणणं मला जमत नाही. विणल्याशिवाय तो दिसतच नाही! लडीत देखणा वाटलेला रंग कधीकधी विणताना एकाच जागी साचतो, डाव्या बाजूला सगळा गुलाबी आणि उजवीकडे सगळा राखाडी. निदान वीतभर विणून बघायलाच हवं. वीतभर विणलं की ते उसवायचं जिवावर येतं. एक काम वाढलं.

सासूबाईंना हे पटत नाही. त्यांच्या काळी एक स्वेटर सुईवरून उतरल्याशिवाय दुसऱ्याचे टाके घालत नसत. मी म्हटलं, ‘आई, तुम्हीही एका शेगडीवर वरण आणि दुसरीवर भाजी टाकताच की.’ त्या म्हणाल्या, ‘टाकते. पण ते त्याच दिवशी ताटात येतं.’

त्यांना उत्तर दिलं नाही, पण ते माझ्याकडे होतं. ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. मेट्रोत वनाजपासून बसायला जागा मिळाली की मोजा बाहेर निघतो; नुसतं गोल गोल सुलट, बघावंही लागत नाही. दोन्ही मोजे एकाच लांब गोल सुईवर घालते, नाहीतर एक झाल्यावर दुसऱ्याचा कंटाळा येतो आणि घरात एका पायाचे मोजे साठतात. जाळीची शाल फक्त रविवारी सकाळी, सगळे झोपलेले असताना. तिथे टाका चुकला तर ओळच्या ओळ मागे यावं लागतं. फोनवर माहेरच्यांशी बोलताना एक सुलट एक उलटची पट्टी. कुठली ओळ कुठे थांबली ते कालनिर्णयच्या कडेला, दुधाच्या हिशेबाशेजारी. ‘२ लि., ४६ उलट’ हे वाचून दूधवाल्याचा हिशेब चुकला नाही हे त्याचं कौतुक.

सध्या या सगळ्यांना मागे टाकून पुढे आलीय ती काळी शाल. संक्रांतीच्या काळ्या साडीवर घ्यायला सासूबाईंनीच सांगितलेली, तीही पातेल्यात रंगवलेलीच हवी. काळा सगळ्यात हट्टी. मध्यम छटेला शंभर ग्रॅम लोकरीला ग्रॅमभर रंग पुरतो, काळ्याला चार लागतात. आणि काळ्या पुडीत बहुतेकदा दोन-तीन रंगांचं मिश्रण असतं. एक आधी शिरतो, दुसरा रेंगाळतो, त्यामुळे कडेला कुठे जांभळी तर कुठे शेवाळी झाक उरते. मला ती फार आवडते. सासूबाईंनी लडी खिडकीत नेऊन दोनदा उलटसुलट केली आणि ‘चंद्रकळा नाही म्हणता येणार, पण चालेल’ असा निकाल दिला.

एकाच पातेल्यातल्या असूनही या दोन लड्या तंतोतंत सारख्या नाहीत. त्यामुळे दोन ओळी एका गुंड्यातून, दोन दुसऱ्यातून अशा आलटून पालटून विणाव्या लागणार, म्हणजे शिलाईसारखी मध्येच रेघ दिसत नाही. त्यासाठी दोन्ही लड्यांचे गुंडे हवेत आणि लडी धरायला कोणाचे तरी दोन हात हवेत. नवऱ्याचे आहेत, पण मॅचची शेवटची दोन षटकं राहिलीत म्हणतो. या दोन षटकांना किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तोवर मोज्याची टाच वळवून होईल.