चमचा कुठला?

गेल्या हिवाळ्यात मी इथे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या अर्बाना-शॅम्पेनला, कपड्यांच्या कपाटात बसून माझा आवाज रेकॉर्ड करत होते. लटकलेल्या कोटांमुळे आवाज घुमत नाही.

फिल्म होती जलसंजीवनीची, म्हणजे जुलाब झाल्यावर द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्याची. चित्रं एकदाच काढायची आणि भाषेगणिक फक्त आवाज बदलायचा, असं हे काम. 'सायंटिफिक अ‍ॅनिमेशन्स विदाउट बॉर्डर्स' हा अशाच फिल्म बनवणारा उपक्रम इथल्याच विद्यापीठात सुरू झाला. फिल्म साध्या मोबाइलवर चालावी, इंटरनेट नसलं तरी ब्लूटूथने शेजारच्याला देता यावी, हा त्यांचा आग्रह मला फार पटतो. आमचा गट अगदी छोटा, पण वाट तीच.

पहिल्या मसुद्यात मी 'निर्जलीकरण' लिहिलं होतं. मोठ्याने वाचल्यावर माझं मलाच ते परकं वाटलं. मग 'अंगातलं पाणी कमी होणं' केलं, तर वाक्य लांबलं, आणि ते संपेपर्यंत चित्रातली बाई पुढच्या कामाला लागलेली! शब्द छाटण्यात दोन रात्री गेल्या.

खरी परीक्षा माझ्या मावशीने घेतली. ती कधी शाळेत गेली नाही. तिला फिल्म पाठवली आणि फोनवर म्हटलं, "मावशी, आवाज बंद करून बघ आणि काय कळलं ते मला सांग." 'कळलं का?' असं विचारलं की माणसं हो म्हणून मोकळी होतात. त्यांच्याच तोंडून ऐकलं की खरं काय ते समजतं.

तिने सगळं बरोबर सांगितलं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा बोटाने सपाट केलेलाही तिने टिपला होता. हे 'सपाट' शब्दांत सांगताना मी घाम गाळला होता, चित्रात ते एका क्षणात होतं. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून रक्तात शिरतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी, हेही हलत्या ठिपक्यांनी दाखवता आलं. छापील चित्राला ते कुठून जमणार?

मग ती म्हणाली, "पण बाळा, चमचा कुठला? चहाचा का वाढायचा?"

मी गप्पच झाले. पडद्यावर चमचा एकटाच, भलामोठा दिसत होता. वाढायच्या चमच्याने मीठ घातलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. आम्ही सगळे शिकलेले, महिनाभर ते चित्र बघत होतो, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चित्रकाराने तो चमचा बाईच्या हातात दिला. बोटांच्या शेजारी त्याचं माप आपोआप दिसलं. मावशीला पुन्हा फिल्म पाठवली.

"हां, चहाचा," ती म्हणाली. "आता सांगायला नको."