'सिव्हिअर' या शब्दाला कोड नसतो

आमच्या ऐरोलीच्या मेडिकल कोडिंगच्या कार्यालयात (डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजाराला आणि उपचाराला बिलासाठी ठरलेला कोड लावणे हे आमचे काम) नवी तुकडी रुजू झाली आणि शस्त्रक्रियेचे चार्ट तिच्या हाती पडले, की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी खुर्ची माझ्याकडे ओढून विचारते, "मॅडम, डॉक्टरांनी 'सिव्हिअर हेमोरॉइड्स', म्हणजे तीव्र मूळव्याध, असे स्वच्छ लिहिले आहे, तरी तुम्ही 'अनस्पेसिफाइड'चा, म्हणजे श्रेणी न सांगणारा, कोड का लावता? सिव्हिअर म्हणजे चौथी डिग्री, शेवटची श्रेणीच ना?" लक्ष्य पूर्ण करण्याच्या घाईत मी आजवर "तसे नसते" एवढेच सांगून वेळ मारून नेत आले. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी नीट लिहिते.

आपण वाचतो त्या नोंदी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आहेत आणि तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून निदानासाठी आयसीडी-१०-सीएम ही संहिता लागू आहे. तिच्या आधीच्या आयसीडी-९ मध्ये मूळव्याधीचा ४५५ हा गट होता. त्यात आतली, बाहेरची, रक्त गोठलेली, गुंतागुंत झालेली असे भेद होते, पण श्रेणीला जागा नव्हती. के ६४ या नव्या गटात मात्र पहिले चारही कोड श्रेणीचेच आहेत, अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या. मूळव्याधीचा कोंब गुदमार्गाबाहेर येत नसेल तर के ६४.०; कुंथताना बाहेर येऊन आपोआप आत जात असेल तर के ६४.१, बोटाने आत सारावा लागत असेल तर के ६४.२, आणि सारूनही आत जात नसेल तर के ६४.३. हा सगळा हिशेब कोंब कोठवर उतरतो आणि परत कसा जातो एवढ्याच गोष्टीचा आहे. रुग्णाला किती दुखते, किती रक्त जाते, त्याला खुर्चीत बसवते की नाही, यांपैकी काहीही त्यात मोजले जात नाही.

'सिव्हिअर' हा शब्द आपल्याला फसवतो तो येथेच. पहिल्या श्रेणीची मूळव्याध अंगातले रक्त कमी होईपर्यंत वाहू शकते आणि डॉक्टर तिला सहजच सिव्हिअर म्हणतील. ज्या दुखण्याने माणूस रात्री-अपरात्री इमर्जन्सीत धाव घेतो ते बहुधा बाहेरच्या शिरेत रक्त गोठल्याचे असते, आणि त्याचा के ६४.५ हा कोड श्रेणीच्या उतरंडीत बसतच नाही. उलट, चौथ्या श्रेणीचा कोंब वर्षानुवर्षे बाहेर बाळगून फारशी तक्रार न करणारी माणसेही असतात. त्यामुळे डॉक्टरांचे विशेषण खोटे नसते, ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते. नुसते 'सिव्हिअर' हाती असेल तर के ६४.९, आणि सोबत 'इंटर्नल' असेल तर के ६४.८, यापुढे आपल्याला जाता येत नाही. 'ब्लीडिंग'नेही मदत होत नाही, कारण संहितेच्या सूचीमध्ये तो शब्द कंसातच, म्हणजे असला-नसला तरी चालेल असा, घातलेला आहे. रक्त जात असो वा नसो, कोड तोच राहतो.

नवी असताना मी स्वतः हा अंदाज बांधला होता. 'सिव्हिअर' वाचले, शस्त्रक्रिया झालेली दिसली आणि के ६४.३ लावून चार्ट पुढे ढकलला. ऑडिटमध्ये चूक निघाली, गुण गेले, आणि टीम लीडने एकच प्रश्न विचारला: "हे कोठे लिहिले आहे, ते बोट ठेवून दाखव." मला दाखवता आले नाही.

आता त्याच प्रकारचा अलीकडचा एक चार्ट सांगते. रुग्णाची ओळख पटेल असे काही अर्थातच देत नाही. सर्जनच्या नोंदीत निदान 'सिव्हिअर हेमोरॉइड्स' इतकेच. नर्सच्या नोंदीत मात्र रुग्णाचे स्वतःचे म्हणणे होते, की शौचानंतर प्रत्येक वेळी बोटाने आत सारावे लागते. म्हणजे के ६४.२ चे शब्दशः वर्णन! तरीही ते वापरता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या दाबजखमेची पायरी नर्सच्या नोंदीवरून घेण्याची मुभा मार्गदर्शक तत्त्वांनी दिली आहे, मूळव्याधीच्या श्रेणीसाठी दिलेली नाही. हेच वाक्य सर्जनने लिहिले असते, तर 'ग्रेड ३' हे शब्द नसतानाही कोड देता आला असता.

शस्त्रक्रियेच्या टिपणाची कथा याहून वाईट होती. आतले आणि बाहेरचे कोंब 'नेहमीच्या पद्धतीने' कापून काढले, असे त्यात होते. रुग्ण उताणा असताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे ३, ७ आणि ११ या तीन जागी मूळव्याधीचे मुख्य स्तंभ, म्हणजे कोंबांचे गट, असतात, आणि सीपीटीमध्ये, म्हणजे उपचार-शस्त्रक्रियांच्या अमेरिकी कोडांमध्ये, एक स्तंभ काढला तर ४६२५५, दोन किंवा अधिक काढले तर ४६२६०. 'नेहमीची पद्धत' म्हणजे किती स्तंभ, हे ज्याच्या हातात सुरी होती त्यालाच ठाऊक. आकडा चुकला तर जास्तीचे बिल तरी लागते किंवा सर्जनचे काम तरी बुडते, आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला तर कागद फिरत फिरत पुन्हा आपल्याच टेबलावर येतो.

म्हणून सर्जनला क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवली. "ही तिसऱ्या श्रेणीची आहे ना?" असे विचारायला बंदी आहे, उत्तर सुचवायचे नाही आणि पैशाचा उल्लेख करायचा नाही. नर्सची नोंद तारखेसह उद्धृत केली, खाली चारही श्रेणी, 'अन्य' आणि 'ठरवता येत नाही' असे पर्याय ठेवले, आणि काढलेल्या स्तंभांची संख्या व जागा स्वतंत्रपणे विचारली. दोन दिवसांनी सर्जनची पुरवणी नोंद आली: तिसरी श्रेणी, डावा पार्श्व आणि उजवा पुढचा, असे दोन स्तंभ. के ६४.२ आणि ४६२६० लावून चार्ट बंद केला. त्या नोंदीच्या पहिल्या ओळीत 'सिव्हिअर' हा शब्द त्यांनी पुन्हा लिहिलाच होता.