आमची वाटचाल: दोन बाटल्या पाणी

१९९९च्या दसऱ्याला पुण्यात सिंहगड रोडवर दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही माशांच्या टँकचं दुकान उघडलं, तेव्हा आत विकायला एकही मासा नव्हता. काच होती. मी आणि माझा भागीदार त्याआधी पेठेत एका फ्रेमवाल्याकडे काच कापायला होतो. हातात हिऱ्याचा कटर, एक सिलिकॉनची गन, मास्किंग टेपची चार रिळं आणि लाकडी गुण्या, एवढ्यावर धंदा सुरू झाला. तो कटर अजून माझ्याकडे आहे. त्याची मूठ दोनदा बदलली, पण काचेवरून ओढताना येणारा आवाज तोच आहे. एकाच दाबाने, एकाच दमात ओढायचा. मध्ये थांबलात की काच तिथेच दगा देते.

जाता जाता सांगतो. घरी टँक जोडणारे लोक हल्ली बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन आणतात. त्यात बुरशी मारायचं औषध असतं आणि ते माशालाही मारतं. साधं, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन घ्या आणि तो वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकला ५ मिमी काच चालते. दीड फूट उंच चार फुटी टँकला ८ मिमीपेक्षा कमी काच घालणाऱ्याकडून टँक घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

मासे आम्ही दुसऱ्या वर्षी ठेवायला लागलो. पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने दादरला उतरून कुर्ल्याच्या बाजारात जायचं आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात घालून संध्याकाळच्या गाडीने परत. सुरुवातीला आम्ही पिशवी उघडून त्यात आपलं पाणी तासभर थेंबथेंब सोडायचो. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. तरी दहातले तीन मासे रात्रीतून जायचे. का जातात ते कळत नव्हतं, आणि आम्ही कुर्ल्याच्या व्यापाऱ्याला शिव्या घालायचो.

ते कळलं सरांमुळे.

सर म्हणजे आमचे पहिले कायमचे गिऱ्हाईक. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. तीन बाय सव्वा बाय सव्वाचा टँक त्यांनी आमच्याकडून घेतला, १३० लिटरच्या आसपासचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी येऊन विचारलं, "यात पाणी भरलंत, ते कुठलं पाणी?" मी म्हटलं, नळाचं. ते म्हणाले, "नळाचं म्हणजे काय? पीएच किती? अमोनिया किती?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी ते खिशात दोन छोट्या बाटल्या घेऊन आले. एकात ब्रोमोथायमॉल ब्लू होतं. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल ते; सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी. तो सहाच्या खाली गेला की पिवळं, साडेसातच्या वर गेला की निळं, मधे हिरवं. दुसऱ्यात नेस्लरचं द्रावण. अमोनिया, म्हणजे माशांच्या उत्सर्गातून पाण्यात साठणारं विष, असेल तर पिवळं, जास्त असेल तर तपकिरी. त्यात पारा असतो, म्हणून ते मला हात लावू द्यायचे नाहीत. वापरून झालेलं द्रावणही बाटलीत भरून परत न्यायचे, मोरीत कधी ओतलं नाही.

पिशवीचं कोडं त्यांनी पाच मिनिटांत सोडवलं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं, आणि आम्ल पाण्यात अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो. ते माशाला फारसं बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनियम विषारी अमोनिया होतो. आम्ही माशांना तासभर त्याच पाण्यात ठेवायचो! त्या दिवसापासून पिशवी बंदच ठेवून टँकमध्ये तरंगवायची, तापमान जुळलं की मासा जाळीने आत आणि पिशवीचं पाणी बाहेर. मरतूक जवळजवळ थांबली. एवढं सविस्तर सांगतोय कारण पुढे मला जे भोगावं लागलं, त्याच्या मुळाशी हेच रसायन होतं.

२००२ ते २०१५ या वर्षांत सांगण्यासारखं फारसं नाही. गाळा विकत घेतला, मुलं मोठी झाली, दोन पोरं कामाला ठेवली आणि घरोघरी, दवाखान्यांत, ऑफिसांत टँकची निगा राखायचे वार्षिक करार घेतले. २०१६च्या सुरुवातीला असे ३१ करार होते.

त्याच सुमाराला आमच्या समोरच्या ओळीत एक मोठं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे रंगीत दिवे, परदेशी फिल्टर आणि भिंतभर औषधांच्या बाटल्या होत्या. मासा वर येऊन तोंड मारतोय? निळं औषध. पंख फाटलेत? पिवळं औषध. पाणी ढगाळ झालं? सगळं पाणी काढून टँक धुऊन टाका. पाणी तपासायचं साधन त्या दुकानात मी कधी पाहिलं नाही. नवा टँक पहिल्या आठवड्यात ढगाळतो तो बहुतेक वेळा जिवाणूंमुळे आणि आपोआप निवळतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तो स्पंज नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात धुतला की ते जिवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. स्पंज टँकच्याच पाण्यात पिळायचा. हे मी गेली वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय आणि समोरच्या दुकानात त्यांना बरोबर उलटं सांगितलं जायचं.

२०१५चा पाऊस कमी झाला, खडकवासल्याच्या धरणांत पाणी नव्हतं, आणि पुण्यात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. आमचा एक जुना करार एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होता. प्रतीक्षाकक्षात सहा बाय दोन बाय दोनचा टँक, ६८० लिटर. त्यात सिल्व्हर डॉलर, सेवरम आणि क्लाउन लोच या माशांचा कळप. लोच अकरा वर्षांचे होते. मी स्वतः अंगठ्याएवढे आणून सोडले होते. आम्ही दर पंधरा दिवसांनी पाव टँक पाणी बदलायचो. जानेवारीत दवाखान्यातून निरोप आला, "पाणीकपात संपेपर्यंत येऊ नका, सोसायटी परवानगी देत नाही." मी थांबलो. तिथे माझी चूक झाली. डॉक्टरसाहेबांना भेटून, खाणं निम्म्यावर आणा, असं बजावून सांगायला हवं होतं.

तीन महिने पाणी बदललं नाही. जेवढं उडून जायचं तेवढं आरओचं पाणी वरून भरलं जायचं. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ. त्यात आम्ल पचवायची ताकद कमी. आरओच्या पाण्यात ती नाहीच. जिवाणू काम करतात तेव्हा आम्ल तयार होतं, त्यामुळे पीएच हळूहळू उतरत गेला. तो सहाच्या खाली गेला की जिवाणूच मंदावतात, आणि अमोनिया साठायला लागतो. पण पाणी आम्ल असल्याने तो अमोनियमच्या रूपात पडून राहतो. मासे जगतात, खातात. वरून बघणाऱ्याला टँक अगदी ठणठणीत दिसतो.

एप्रिलच्या शेवटी दवाखान्याच्या नव्या मजल्याचं उद्घाटन ठरलं. टँक चकचकीत दिसायला हवा म्हणून कंपाउंडरने समोरच्या दुकानाला फोन केला. त्यांनी एका सकाळी टँकचं पाऊण पाणी उपसलं आणि टँकरचं बोअरचं पाणी भरलं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड आणि पीएच आठच्या वर. पंचवीस अंशाला पीएच सातवर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. आठवर तो पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे दसपट. आणि इथे तर सहाच्या खालून आठवर उडी होती. पाऊण पाणी काढून जो पाव अमोनिया उरला, तो पुरेसा झाला. दुपारी मासे पृष्ठभागाला लागले. संध्याकाळी समोरच्या दुकानातल्यांनी येऊन निळं औषध ओतलं. सकाळी एकही मासा जिवंत नव्हता.

टँकच्या काचेवर स्टिकर आमचा होता. मेलेल्या माशांचे फोटो त्या स्टिकरसकट फोनवरून फिरले. समोरच्या दुकानातून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं गेलं की आम्ही तीन महिने टँककडे फिरकलो नाही. ते खरं होतं, पण का फिरकलो नाही हे कोणी सांगितलं नाही. दोन महिन्यांत ३१पैकी २३ करार गेले. त्यांतले बरेचसे समोर गेले. माझ्या भागीदाराने हिशेब मागितला आणि तो वेगळा झाला. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. जून-जुलैत मी गाळा विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती.

सर त्या वेळी ऐंशीच्या जवळ होते. मासे मेल्याचं त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला रिक्षात घालून त्या दवाखान्यात नेलं. पाणीटंचाई असल्याने कंपाउंडरने उपसलेलं जुनं पाणी फेकलं नव्हतं, गच्चीतल्या झाडांसाठी ड्रममध्ये भरून ठेवलं होतं. सरांनी त्यातलं पेलाभर पाणी घेतलं आणि टँकरच्या टाकीतलं पेलाभर. डॉक्टरांच्या टेबलावर ब्रोमोथायमॉलचे थेंब टाकले. ड्रमचं पाणी पिवळं झालं, टँकरचं निळं. मग नेस्लर. ड्रमचं पाणी गडद तपकिरी झालं, टँकरचं पाण्यासारखंच राहिलं. शेवटी एक भाग ड्रमचं आणि तीन भाग टँकरचं एकत्र करून ब्रोमोथायमॉल टाकलं. निळं. सर म्हणाले, "डॉक्टर, विष टँकमध्ये होतंच. ते झोपलेलं होतं. या पाण्याने जागं केलं. रोज थोडं थोडं पाणी बदललं असतं, तर दोन आठवड्यांत टँक मार्गावर आला असता."

डॉक्टर रसायन शिकलेले, त्यांना समजलं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण मासे गेले ना." करार त्यांनी पुन्हा दिला नाही. समोरच्या दुकानातून आजपर्यंत कोणी एका शब्दाने चूक कबूल केलेली नाही. इतकी वर्षं झाली, तरी मला हे लागतं.

उरलेल्या आठ घरांवर आम्ही पुन्हा उभे राहिलो. तोवर जिवंत वनस्पतींच्या टँकची मागणी वाढली होती आणि तिथेही पाणी ओळखणाराच टिकतो. हीसुद्धा सरांचीच देणगी. त्यांच्या व्हॅलिस्नेरियाच्या जुन्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं पडायला लागली होती. मी म्हटलं, गोगलगाय खाते. सर म्हणाले, पोटॅश कमी पडतंय. कृषी सेवा केंद्रातून ०:०:५० आणलं, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, आणि चिमूटभर पाण्यात विरघळवून घालायला सुरुवात केली. नवी पानं अखंड आली. तेव्हापासून मी पान आधी बघतो. जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. नवं पान फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. क्रिप्टोकोरिन नव्या टँकमध्ये लावली आणि पानं विरघळली, तर उपटू नका. मुळं जिवंत असतात, महिन्याभरात ती परत फुटते. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधा. काळं, दाढीसारखं शेवाळ आलं तर बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड कमीजास्त होतोय किंवा दिवा बारा बारा तास चालतोय. सात-आठ तास दिवा पुरतो. शेवाळ मारायचं औषध घालून कोवळी रोपं जाळू नका.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन येतात ते व्हाइट स्पॉटचे. हवा एकदम गार होते, हीटर नसतो, आणि माशावर मिठाचे दाणे पडल्यासारखे ठिपके येतात. तो जंतू माशाच्या कातडीखाली असतो तोवर कुठलंही औषध त्याला लागत नाही. तो सुटून तळाला जातो, फुटून शेकडो पिल्लं पोहायला लागतात, तेव्हाच मरतो. म्हणून पाणी २९-३० अंशांवर न्यायचं, त्याचं चक्र वेगाने फिरवायचं, हवेचा पंप वाढवायचा आणि ठिपके दिसेनासे झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचा. लोच असतील तर औषध निम्मं. लोक तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून थांबतात आणि दहाव्या दिवशी रडत येतात.

सर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा तीन फुटी टँक त्यांच्या मुलीने आमच्याकडे आणून दिला. काउंटरच्या मागे लावला आहे, व्हॅलिस्नेरिया तीच आहे. तो विकायचा नाही. रोज कोणीतरी किंमत विचारतं.

दुकानात येणाऱ्यांना एक विनंती. आजारी मासा पिशवीत घालून आणू नका, त्या हेलकाव्यानेच तो अर्धा जातो. पाण्याच्या दोन बाटल्या आणा. एकात टँकचं पाणी, दुसऱ्यात तुम्ही भरता ते, नळाचं असो, टँकरचं असो की आरओचं. बाटलीवर लिहून आणा. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. सकाळी दहा ते एक. ज्या आठवड्यात गुरुवारी पाणी बंद असतं, त्या शुक्रवारी नळाला येणारं पहिलं गढूळ पाणी बाटलीत भरू नका, आणि टँकमध्ये तर मुळीच भरू नका.