काळ्या पडद्यात काय बघतंस?

मालवणात खिडकी समुद्राकडे असली की खारा वारा कशालाच सोडत नाही. बिजागऱ्या, चार्जरची पिन, आणि माझ्या २००९ च्या लॅपटॉपचं ई अक्षराचं बटण, जे आता अंगठ्याने दाबल्याशिवाय उमटतच नाही. त्यावर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी खुली सिस्टीम, मस्त चालतं, पण गेल्या आठवड्यात रेंज मिळाली म्हणून हावरटासारखे सगळे अपडेट एकदम मारले आणि रीस्टार्ट केल्यावर काळोख. पंखा घुमतोय, लाईट लागलीये, स्क्रीन काळी ठिक्कर.

"मेल्या, त्या काळ्या पडद्यात काय बघतंस? जेवूक ये!" आई ओरडली.

झालं होतं असं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवीन आला आणि स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स चिपच्या कंपनीचा, म्हणजे एनव्हिडियाचा ड्रायव्हर (चिपला हुकूम देणारा प्रोग्राम) त्याच्यावर बसेना. माझ्या चिपला ३४० सिरीजचा ड्रायव्हर लागतो, त्याचा सपोर्ट २०१९ च्या शेवटी बंद झाला, त्याच्या मुख्य भागात काय लिहिलंय ते कंपनीने कधी दाखवलं नाही, म्हणजे दुसरं कोणी मुळापासून नीट करेल तर तेही नाही. उपाय तसा सोपा, ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी येणाऱ्या मेनूत ई दाबायचं. ई! नेमकं तेच बटण. सातव्या का आठव्या खेपेला लागलं, मग लिनक्सच्या ओळीच्या शेवटी nomodeset टाईप करायचं, म्हणजे ड्रायव्हरला हात न लावता साध्या चित्रावर चालू हो, त्यात परत दोन ई. एफ १० दाबल्यावर एकदाचा डेस्कटॉप आला, आयकॉन नारळाएवढे. कंपनीचा ड्रायव्हर काढला, नूव्हो नावाच्या दुसऱ्या, खुल्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करणारी, म्हणजे बंद ठेवणारी फाईल उडवली, इनिटरामएफएस (सुरू होताना लागणाऱ्या फाईलींचं गाठोडं) अपडेट करून रीबूट.

नूव्हो म्हणजे फ्रेंचमध्ये नवीन. हा २०१० पासून कर्नलमध्येच आहे आणि तो लिहिणाऱ्यांकडे चिपची कागदपत्रं नव्हतीच म्हणा ना, कंपनीचा ड्रायव्हर चिपला काय काय सांगतो त्याच्यावर पाळत ठेवून त्यांनी ते ओळखलं. आमच्या बंदरावर होडीचं इंजिन दुरुस्त करणारा एक जण आहे, मॅन्युअल त्याने जन्मात उघडलं नसेल, बोनेटवर हात ठेवून डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, नोजल गेलो. तीच जात ही. मला कंपनीच्या ड्रायव्हरपेक्षा अशा माणसांचा भरवसा जास्त वाटतो, जरी व्हिडिओ आता थोडे अडखळतात, कारण चिप बूट होताना ज्या वेगात असते त्याच वेगात रेंगाळत राहते.

ब्राइटनेसची बटणं मात्र गेली ती गेलीच. स्क्रीन कायम फुल्ल. त्यामुळे रात्री लाईट गेली की आई लॅपटॉप उघडून चुलीकडे तोंड करून ठेवायला लावते. बॅटरी वीस मिनिटं टिकते, तेवढ्यात तिच्या भाकऱ्या होतात.