शब्दमुळं प्रोजेक्ट: 'पेड'ने घात केला

इंग्रजी शब्दांची कार्डं करून मुळांप्रमाणे गठ्ठे लावतोय, लॅटिन मूळ असेल तर लाल, ग्रीक असेल तर निळा. मागच्या अपडेटला मी तोऱ्यात म्हटलं होतं की 'पेड'चा गठ्ठा संपला, लॅटिन 'पेस' म्हणजे पाय, पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर, सेंटीपीड, सगळी कार्डं लाल, विषय क्लोज. कसला क्लोज! शनिवारी आईला गुडघ्यासाठी घेऊन गेलो होतो, नंबर लागेना म्हणून समोरचा बोर्ड वाचत बसलो, ऑर्थोपेडिक, आणि स्पेलिंगमध्ये 'पी'नंतर 'ए-ई'. आता पायात हा 'ए' कुठून घुसला?

घरी येऊन ऑक्सफर्ड उघडली. त्यात पाय नाहीच! ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल. 1741 मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरने पोरांचे वाकडे अवयव सरळ करण्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पाइदिओन' म्हणजे लहान मूल असं जोडून शब्द पाडला. म्हणजे 68 वर्षांची आमची आई शब्दाच्या हिशोबाने पोरांच्या दवाखान्यात बसली होती.

मग काय, उसवतच गेलं. पेडियाट्रिक्स, पेडॅगॉजी, एन्सायक्लोपीडिया सगळे पोरांकडचे आणि मी लाल करून मोकळा. नियम काढला की ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'ए-ई' दिसलं की ग्रीक मूल, अमेरिकन लोक तो 'ए' खातात (मी वापरतो ते फुकटचं ॲप अमेरिकन, म्हणून इतके दिवस कळलं नाही, डिक्शनरीला पर्याय नाही हे माझं ठाम मत). नियम एक रात्र टिकला, कारण पेडॅगॉजीत ब्रिटिशही 'ए' लिहीत नाहीत. त्यात पेडॉलॉजी निघालं, मातीचं शास्त्र, तिथे ग्रीक 'पेदोन' म्हणजे जमीन. डोकं धरून बसलो, आणि लालवर निळा मारला तर कार्डाचा चिखल होतो, तेव्हा बावीस कार्डं परत लिहिली.

पण एक गोष्ट मात्र झकास सापडली. 'इम्पीड' म्हणजे अडथळा आणणे, मूळ लॅटिनमध्ये पाय अडकवणे. अरे हा तर आपला खोडा घालणे! खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडच की. आणि 'एक्स्पिडाइट' म्हणजे पाय खोड्यातून बाहेर काढणे. दोन्ही कार्डं दिवसभर खिशात घेऊन फिरलो.

आणि आत्ता हे टाइप करतानाच सुचतंय, मुळांप्रमाणे गठ्ठे नकोतच, अवयवांप्रमाणे लावू. पाय घेतला की लॅटिन 'पेस', ग्रीक 'पूस' (ऑक्टोपस, ट्रायपॉड), आपलं पद-पाद, आणि इंग्रजीचं घरचं 'फुट', तिथे 'प'चा 'फ' झालाय, पितृ-फादरसारखा. आपल्यासाठी हिरवा रंग. पेडिग्रीही इथेच, जुन्या फ्रेंचमध्ये क्रौंचाचा पाय, वंशावळीच्या रेघा त्याच्या पंज्यासारख्या दिसायच्या म्हणून.

पेडोमीटर अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक, त्याला टेलिव्हिजनसारखा जांभळा. आणि जांभळा स्केचपेन नेमका वाळलाय.